झोपेत छातीवर कोण बसतंय?

निशाचर_ठाणे · ३ जुलै, रात्री २:४०

मंडळी, वेळ बघून कळलंच असेल की झोप उडालेली आहे. अर्ध्या तासापूर्वी परत तेच झालं म्हणून शेवटी धागा काढतोय. काढू काढू म्हणत बरेच दिवस गेले, लोक हसतील असं वाटायचं. हसा, पण उत्तर द्या.

होतं असं की मी जागा होतो. पूर्ण जागा, डोळे उघडे, पंखा फिरताना दिसतोय, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतंय, जिन्यातल्या दिव्याची पट्टी दाराखालून आत आलीये, शेजारी बायकोचा श्वास ऐकू येतोय. आणि हात हलत नाही. पाय हलत नाही. ओरडायला जावं तर घशातून नुसतं 'ऊंऽऽ' असं काहीतरी निघतं, तेही निघतं की मलाच वाटतं देव जाणे. छातीवर तांदळाचं पोतं ठेवल्यासारखं वजन. श्वास घ्यायला जातो तो अर्ध्यावरच अडतो. आज तर पायाशी कुणीतरी उभं आहे याची पक्की खात्री होती. दिसलं काही नाही, पण होतं. मिनिटभर चाललं असेल, मला अर्धा तास वाटला. मग कडी निघावी तसं सगळं एकदम सुटतं आणि मी घामाघूम उठून बसतो.

पहिल्यांदा झालं ते पुण्यात, एमपीएससीचा अभ्यास करत होतो तेव्हा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. तेव्हा वर्षातून दोन-तीनदा व्हायचं. आता वय ३८, आणि गेल्या चार-पाच महिन्यांत आठवड्यातून दोनदा. काम शिफ्टचं, पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रात्रपाळी. आई म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, तिने उशीखाली अडकित्ता ठेवलाय. बायको म्हणते, "तू आधी घोरणं बंद कर, मग भुताचं बघू."

मला एवढंच विचारायचंय, हे अजून कुणाला होतं का आणि त्या वेळी श्वास खरंच बंद पडतो का? झोपेतच जाईन अशी भीती वाटायला लागलीये.

रिकामटेकडा_२ · ३ जुलै, रात्री २:५१

अडकित्ता उघडा ठेवलाय की मिटून? उघडा असेल तर कूस बदलताना जपून.

घाटावरची · ३ जुलै, सकाळी ७:१५

होतं!! मला कॉलेजात असताना होस्टेलवर व्हायचं आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं कारण आमच्या खोलीबद्दल आधीच अफवा होती की तिथे एका मुलीने जीव दिला होता. एकदा धीर करून रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला पण??" मग कळलं की मजल्यावरच्या पाच-सहा जणींना कधी ना कधी झालंय आणि सगळ्या जणी एकटीच्या एकटी घाबरत होत्या. परीक्षेच्या आधी जास्त व्हायचं. नोकरी लागली, जेवणखाण झोप वेळेवर आली, आपोआप कमी झालं. त्यामुळे घाबरू नका. पण ते पायाशी कुणीतरी उभं असणं मात्र अगदी अगदी! माझ्याकडे ती व्यक्ती कपाटाजवळ असायची.

तिरफळ · ३ जुलै, सकाळी ९:०२

आमची आजी म्हणायची, उताणो निजा नको रे, गिरो छातीर येऊन बसता. कुशीर निजलो की काय होणा नाय. आता आज्येक कोणी शिकवलेला ता म्हायत नाय, पण माका जेव्हा जेव्हा झालाहा तेव्हा तेव्हा मी उताणोच होतंय.

नाना_बेरकी · ३ जुलै, सकाळी ९:४०

तिरफळ, गिऱ्हा पाण्याजवळचा. विहीर, ओढा, खाडी ही त्याची हद्द. तो तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठाण्याला कशाला येईल? आमच्याकडे कोल्हापूर साइडला हे खाते खविसाकडे आहे. विदर्भातल्यांनी आपापल्या भुताचं नाव कळवावं, खातेवाटप एकदाचं स्पष्ट होऊ द्या.

रिकामटेकडा_२ · ३ जुलै, सकाळी ९:४४

नाना, तिसऱ्या मजल्यावर पाण्याची टाकी असते.

पांढरा_कावळा · ३ जुलै, सकाळी १०:३०

हसून हसून पुरेवाट. पण तुम्ही लोक एका माणसाच्या त्रासाची थट्टा करताय. निशाचर, याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, गूगल केलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. भूतबीत काही नसतं. अडकित्ता काढून टाका, आईला समजवा. २१व्या शतकात उशीखाली लोखंड ठेवतात म्हणजे कमाल आहे.

मुगाची_उसळ · ३ जुलै, सकाळी ११:०५

पांका, आईला समजवायला तुम्ही जा ठाण्याला. ती माउली काळजीपोटी ठेवतेय, कुणाचं काय जातंय? बाळाच्या पाळण्यात पण ठेवतात की.

बोन्साय_टोकियो · ३ जुलै, दुपारी १२:२०

इथे जपानमध्ये याला अगदी रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, 'कानाशिबारी'. धातूने बांधून टाकणं, असा काहीसा अर्थ. ऑफिसात कुणी सकाळी आळोखेपिळोखे देत "काल कानाशिबारी झालं" म्हणतं आणि बाकीचे "अरेरे" म्हणून कामाला लागतात. मला पहिल्यांदा झालं तेव्हा मी रडवेला होऊन सहकाऱ्याला सांगितलं आणि त्याने "झोप कमी होतेय का?" एवढंच विचारलं. नुसतं नाव असल्याने अर्धी भीती जाते असं माझं मत झालंय. मराठीत खरं तर एवढी भुतं आहेत पण या प्रकाराला एक सुटसुटीत शब्द नाही.

गंमत म्हणजे ते धातूने बांधून टाकतात आणि आपण धातू उशीखाली ठेवतो.

छातीठोक · ३ जुलै, रात्री १०:१०

ओपीडी संपली, आता निवांत लिहितो. मी छातीच्या रोगांचा डॉक्टर आहे, आयडी त्यावरूनच.

निशाचर, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्या वेळी श्वास बंद पडत नाही. झोपेचा एक टप्पा असतो, रेम म्हणतात त्याला, साधारण दर दीड तासाने येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. ठळक स्वप्नं यात पडतात. स्वप्नात तुम्ही पळताय, मारामारी करताय, आणि शरीराने तेच करायला सुरुवात केली तर तुमच्या बायकोचं काय होईल? म्हणून मेंदू मानेखालचा सगळा फ्यूज काढून ठेवतो. हातपाय ढिले, लुळे. दोन गोष्टी तेवढ्या चालू राहतात, डोळे आणि श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा. म्हणूनच तुम्हाला पंखा आणि कॅलेंडर बघता येतं.

कधी कधी गडबड होते. जाग आधी येते आणि फ्यूज परत लावायला उशीर होतो. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं. त्या वेळी श्वासपटल आपलं काम करत असतं, रक्तातला प्राणवायू पुरेसा असतो. पण तुम्ही घाबरून मुद्दाम खोल श्वास घ्यायला जाता आणि त्यासाठी लागणारे बरगड्यांमधले, मानेचे स्नायू अजून बंदच असतात. श्वास ओढायचा हुकूम सुटला पण छाती फुगत नाही, याचा अर्थ मेंदू एकच लावतो, छातीवर कुणीतरी बसलंय. आणि कुणी बसलंय म्हणजे कुणीतरी खोलीत आहे. स्वप्नाचं दुकान अजून पूर्ण बंद झालेलं नसतं, त्यामुळे ते कुणीतरी तयार करून मिळतं. कोकणात गिऱ्हा, कोल्हापुरात खवीस, जो स्टॉकमध्ये असेल तो. शंभरातल्या आठेक जणांना आयुष्यात एकदा तरी होतं, विद्यार्थ्यांत बरंच जास्त. तिरफळांच्या आजीला साष्टांग नमस्कार, उताणं झोपल्यावर जास्त होतं हे खरंच आहे.

याने कुणी मरत नाही. पण.

तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये मला काळजीचं वाटलं ते तुमच्या बायकोचं वाक्य. लोक ज्याला घाबरतात ते भूत निरुपद्रवी असतं आणि ज्याला हसतात ते घोरणं मात्र निरुपद्रवी नसतं. म्हणून विचारतो, घोरता घोरता मध्येच आवाज बंद होऊन मग फुर्रकन दचकल्यासारखा श्वास येतो का? सकाळी तोंड कोरडं, डोकं जड? रात्री लघवीला किती वेळा उठता? दिवसा कुठेही डुलकी? बीपी आहे का? शर्टाची कॉलर किती नंबरची, म्हणजे मान किती जाड?

निशाचर_ठाणे · ४ जुलै, सकाळी ६:३०

डॉक्टर, तुम्ही घरात कॅमेरा लावलाय का?

कॉलर साडेसतरा. बीपीची गोळी वर्षभरापूर्वी सुरू झाली. लघवीला दोन-तीनदा उठतो, मला वाटायचं शुगर असेल, तपासली, नॉर्मल आली. सकाळी डोकं जड असतंच, चहा घेतल्यावर उतरतं. डुलकीचं म्हणाल तर दोन महिन्यांत दोनदा ठाणं सोडून कल्याणला जाऊन उतरलोय. आवाज बंद व्हायचं बायकोला विचारतो.

मुगाची_उसळ · ४ जुलै, सकाळी ८:००

लोकलमध्ये झोपून स्टेशन सुटणं हे आजाराचं लक्षण असेल तर निम्मी सेंट्रल लाइन आजारी आहे.

तीर्थप्रसाद · ४ जुलै, सकाळी ८:४५

इथे सगळे शास्त्र शिकवत आहेत म्हणून राहवत नाही. मला हा त्रास दहा वर्षे होता. एका सत्पुरुषांनी सांगितले की त्या वेळी मनातल्या मनात मारुती स्तोत्र म्हणायचे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला सुटका होते. अनुभव आहे, कुणी हसो वा न हसो.

पांढरा_कावळा · ४ जुलै, सकाळी ९:१०

पाढे म्हटले तरी सुटका होईल, कारण ती एक-दोन मिनिटांत तशीही होतेच. छातीठोक यांनी वर लिहिलंय, वाचा.

घाटावरची · ४ जुलै, सकाळी ९:२५

पांका, जरा सबुरीने. स्तोत्र म्हणताना माणूस धडपडायचं सोडतो, लक्ष शब्दांवर जातं, श्वास त्याच्या त्याच्या लयीत येतो. काम तर होतंय ना. मी काय करायचे सांगू? पायाचा अंगठा. सगळं अंग हलवायच्या भानगडीत न पडता फक्त उजव्या पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा. तो एकदा हलला की बाकीचं सुटतं. आणि डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, ते तर हलतातच. तुम्ही पाढे म्हणा, मी अंगठा हलवते, तीर्थप्रसाद स्तोत्र म्हणतील.

छातीठोक · ४ जुलै, दुपारी २:१५

घाटावरची, पूर्ण अनुमोदन. अंगठ्याची युक्ती आम्हीही सांगतो. श्वास मुद्दाम ओढू नये, येतोय तसा येऊ द्यावा.

कुंभकर्ण_सांगलीकर · ४ जुलै, रात्री ८:५०

आता माझं ऐका, थोडं लांबणार आहे.

आमच्या घरात मी म्हणजे विनोदाचा विषय. लग्नाला गेलो की पाहुणे मंडळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला गाद्या घालायची. मेहुण्याने माझं घोरणं रेकॉर्ड करून फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, खाली "रोड रोलर विश्रामबाग चौकात पोचला" असं लिहून. मीही हसायचो. वजन ९४, वय ४६, दुकान चांगलं चाललेलं, दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या झोप लागायची ती आपण सुखी माणूस म्हणून लागते असं समजायचो.

२०१९ च्या मे महिन्यात पुण्याहून परत येत होतो, गाडी मी चालवत होतो, खंबाटकीचा घाट सोडला तेवढं आठवतं आणि त्यानंतर एकदम टायरचा खडखड आवाज, गाडी डांबर सोडून साइडच्या मुरमावर. शेजारी बायको, मागे दोन्ही मुलं. भर दुपारी, दारूचा थेंब नाही, रात्रीची आठ तास झोप झालेली. बायको काही बोलली नाही. गाडीतून उतरली, मागचं दार उघडलं, पोरांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "ड्रायव्हर बोलवा." तिथे दीड तास उन्हात बसलो आम्ही.

मग तपासणी केली. रात्रभर झोपवून करतात ती. डोक्याला वायरी, हनुवटीला, पायांना, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला तो लाल दिव्याचा चिमटा. वायरी चिकटवायला केसांत एक पांढरा मलम लावतात तो तीनदा शिकेकाई लावूनही गेला नाही. एवढं सगळं बांधून झाल्यावर तिथली पोरगी म्हणते, "काका, आता नेहमीसारखे झोपा." वेताळ पंचविशीतल्या प्रेतासारखा लटकलेलो आणि नेहमीसारखा झोपू! पण झोपलो. रिपोर्टमध्ये ताशी ५२ वेळा श्वास अडतो असं आलं. मी म्हटलं रात्रभरात ५२ ना? डॉक्टर म्हणाले, तासाला.

सीपॅप मशीन घेतलं, मास्कमधून दाबाने हवा सोडणारं, तो मास्क लावून झोपतो. पहिले पंधरा दिवस शिव्या घातल्या. नंतर एका सकाळी उठलो आणि डोकं हलकं. बरं होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं, तोवर आजारी होतो हेच माहीत नव्हतं. लग्नात अजूनही मला कोपऱ्यात झोपवतात, आता वायरसाठी प्लग तिथे असतो म्हणून.

नाना_बेरकी · ४ जुलै, रात्री ९:३०

कुंभकर्ण, बायकोचं ते गाडीतून उतरून मागे बसणं वाचून अंगावर काटा आला.

एक शंका. रात्री झोपताना दोन पेग घेतले तर झोप गाढ लागते आणि या भानगडी होत नाहीत असं आमचे एक स्नेही म्हणतात. स्नेहीच. मी नव्हे.

छातीठोक · ४ जुलै, रात्री १०:०५

नाना, तुमच्या स्नेह्यांना सांगा, दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, अडथळा वाढतो, आणि उत्तररात्री झोप तुटते. झोपेच्या गोळ्या मनाने घेणंही तसंच. पाणी कुठे मुरतंय ते न बघता भिंतीला रंग दिल्यासारखं.

घोरणं-श्वास अडणं, म्हणजे स्लीप अॅप्निया, याचं थोडक्यात सांगतो. झोपेत घसा ढिला पडतो, जीभ मागे येते, हवेची वाट अरुंद होते. हवा फडफडत जाते तो घोरण्याचा आवाज. वाट पूर्णच मिटली की आवाज बंद, आणि घरच्यांना वाटतं चला, शांत झोपला एकदाचा! छाती-पोट मात्र हवा ओढायला झटत असतं, प्राणवायू खाली जातो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, तुम्ही अर्धवट जागे होऊन फुस्सकन श्वास घेता आणि परत झोपता. सकाळी काहीही आठवत नाही. दहा सेकंद किंवा जास्त अडला की एक धरतात. ताशी पाचच्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव सांगितलं होतं.

आणि आता धाग्याचा विषय. रेममध्ये स्नायू सर्वांत ढिले, म्हणून बऱ्याच जणांचा श्वास रेममध्येच जास्त अडतो. अडला की जाग येते. म्हणजे नेमकी रेमच्या मधोमध जाग. फ्यूज काढलेलाच. लक्षात येतंय ना मी कुठे जातोय? प्रत्येक स्लीप पॅरालिसिसवाल्याला हे असतं असं अजिबात नाही, होस्टेलच्या पोरींना जागरण आणि टेन्शन एवढंच कारण पुरतं. पण ३८ वर्षांचा, साडेसतरा कॉलरचा, बीपीवाला, घोरणारा माणूस म्हणतो की आधी वर्षातून दोन-तीनदा व्हायचं ते आता आठवड्यातून दोनदा, तेव्हा मी तरी त्याला अडकित्त्यावर सोडणार नाही.

उशी_पांघरूण · ५ जुलै, सकाळी ७:५०

मला एक वेगळंच सांगायचंय. माझंही निदान आधी 'टेन्शन' असंच झालं होतं. झोपेत जखडणं तर होतंच, पण दिवसा वर्गात, बसमध्ये, एकदा तर साखरपुड्यात पाटावर बसल्या बसल्या झोप. आणि कुणी जोक मारला, मी खळखळून हसले की गुडघे लटपटायचे, मान खाली पडायची, हातातला कप निसटायचा. पूर्ण शुद्धीत. घरच्यांना वाटायचं नाटक करते, आळशी आहे. सासरी 'झोपाळू सून' असं नाव पडलं. नऊ वर्षांनी एका न्यूरोलॉजिस्टने "हसल्यावर काय होतं?" हा एक प्रश्न विचारला आणि मी तिथेच रडायला लागले. नार्कोलेप्सी. मेंदूतलं ओरेक्सिन नावाचं जागं ठेवणारं रसायन कमी पडतं. वजन ५१ किलो, घोरत नाही. त्यामुळे जखडण्याबरोबर दिवसा अशी अनावर झोप आणि हसताना हातपाय गळणं असेल तर प्लीज न्यूरोकडे जा. गोळ्यांवर आता नोकरी करतेय.

रिकामटेकडा_२ · ५ जुलै, सकाळी ८:२०

उशी_पांघरूण, तुम्हाला इतके दिवस मी जोक मारत होतो. सॉरी.

उशी_पांघरूण · ५ जुलै, सकाळी ८:३१

तुमच्या जोकवर अजून एकदाही गुडघे लटपटले नाहीत, निश्चिंत राहा.

नाना_बेरकी · ५ जुलै, सकाळी ८:३३

खल्लास!! =))

सहावीच्या_ब_ची_आई · ५ जुलै, दुपारी १:१०

थोडं अवांतर. माझा धाकटा सहा वर्षांचा, अजिबात जाड नाही, पण घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, मान मागे टाकतो, अंथरूण अजून ओलं करतो. शाळेतून तक्रार की लक्ष नसतं, चुळबुळ करतो. सासूबाई म्हणतात बापावर गेलाय. दाखवू का कुणाला?

छातीठोक · ५ जुलै, दुपारी ३:४०

नक्की दाखवा, कान-नाक-घसावाल्यांना. लहान मुलांत बहुतेक वेळा टॉन्सिल आणि नाकामागचे अॅडेनॉइड्स वाढलेले असतात. मोठी माणसं झोप बिघडली की पेंगतात, मुलं उलट चेकाळतात, म्हणून शाळेतून तक्रार येते. बापाला पण घेऊन जा.

मुगाची_उसळ · ५ जुलै, रात्री ९:००

मी मध्ये वाचलं होतं की परदेशात धडधाकट तरुण माणसं झोपेत भुताने दाबून मेली. ते काय होतं मग? "याने कुणी मरत नाही" म्हणता म्हणून विचारतेय.

छातीठोक · ५ जुलै, रात्री १०:३०

चांगला प्रश्न. लाओसमधून अमेरिकेत गेलेले ह्मोंग निर्वासित. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून त्यांच्यातले तरुण पुरुष झोपेत अचानक मरायला लागले, आणि त्यांच्याकडे छातीवर बसणाऱ्या भुताची समजूत होतीच, 'दा चॉ' म्हणतात त्याला, त्यामुळे दोन्हीची सांगड घातली गेली. अशा आग्नेय आशियातल्या मृत्यूंमागे बऱ्याचदा हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष असतो हे पुढे कळलं. ब्रुगाडा आडनावाच्या दोन भावांनी १९९२ मध्ये तो मांडला, म्हणून ब्रुगाडा सिंड्रोम. ईसीजीत दिसू शकतो. घरात कुणी तरुणपणी झोपेत अचानक गेलं असेल तर एकदा हृदयाच्या डॉक्टरांना जरूर दाखवावं. स्लीप पॅरालिसिस ही वेगळी गोष्ट.

तिरफळ · ६ जुलै, सकाळी ८:१५

म्हणजे भूत एकच, गुन्हे तीन आरोपींनी केले.

निशाचर_ठाणे · ६ जुलै, सकाळी ११:४०

बायकोने दोन रात्री मोबाईलवर व्हिडिओ काढले. तिलाही माहीत नव्हतं, कारण आवाज बंद झाला की ती झोपून जायची. काल ती मुद्दाम जागी राहिली.

व्हिडिओत मी उताणा. घोरतोय, घोरतोय, बंद. पोट वरखाली होतंय, छाती आत ओढली जातेय, तोंड उघडं, आवाज काही नाही. मागे बायको हळू आवाजात आकडे मोजतेय. सत्तावीसला ती "अहो" म्हणते. चौतिसला मी म्हशीसारखा फुत्कार टाकून हात झटकतो आणि परत सुरू. स्वतःला असं बघणं हे त्या पायाशी उभ्या असणाऱ्यापेक्षा भयंकर होतं. आईने बघितला आणि काही न बोलता देवासमोर जाऊन बसली.

अपॉइंटमेंट घेतलीये.

कुंभकर्ण_सांगलीकर · ६ जुलै, दुपारी १२:१०

शाबास. शिकेकाई घेऊन ठेवा.

पांढरा_कावळा · ६ जुलै, दुपारी १२:३०

तोवर कुशीवर झोपा. जुन्या टी-शर्टच्या पाठीला आतून खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायचा, उताणं व्हायला गेलं की टोचतो. आणि शिफ्ट मॅनेजरशी बोला, पंधरा दिवसांनी झोपेचं वेळापत्रक उलटं केल्यावर दुसरं काय होणार.

तीर्थप्रसाद · ६ जुलै, सायं ५:२०

शंख वाजवावा रोज. पूर्वज मूर्ख नव्हते.

पांढरा_कावळा · ६ जुलै, सायं ५:२५

झालं सुरू.

छातीठोक · ६ जुलै, रात्री ९:५०

पांका, थांबा. जयपूरला डॉक्टरांनी खरोखरच हे करून बघितलंय, मध्यम आजाराच्या ३० पेशंटांवर, सहा महिने. २०२५ मध्ये छापून आलं. शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग आणि श्वास अडणं दोन्ही कमी झालं. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडवाल्यांनी ऑस्ट्रेलियातल्या डिजरिडू नावाच्या लांबलचक वाद्यावर असाच प्रयोग केला होता. घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो. पण अभ्यास छोटा आहे, आणि ताशी ४०-५० वाल्याने मशीन सोडून शंख धरू नये. सौम्य असेल, मशीन सहन होत नसेल, तर डॉक्टरांना विचारून जरूर फुंका. शेजाऱ्यांनाही विचारा.

मशीनची जन्मकथाही तशी मजेशीरच आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी जोडून हवा नाकात सोडली, १९८१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तत्त्व आजही तेच, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा.

तीर्थप्रसाद · ६ जुलै, रात्री ९:५८

पांका यांच्या प्रतिसादाची वाट बघतो आहे.

पांढरा_कावळा · ६ जुलै, रात्री १०:४०

मी झोपलोय.

निशाचर_ठाणे · २९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचा राहिला होता. टेस्ट झाली. ताशी ४१, प्राणवायू ७६ टक्क्यांपर्यंत खाली. रेममध्ये तर जवळजवळ सलग अडत होता, तो आलेख डॉक्टरांनी दाखवला, करवतीच्या दात्यांसारखा. मशीन घेतलं, सगळं मिळून चाळीसच्या वर गेले. सुरुवातीला पाणबुड्यासारखं वाटायचं, मुलगी मला डार्थ व्हेडर म्हणते. पाचवा आठवडा चालू आहे. लघवीला उठणं बंद. ठाण्यालाच उतरतो.

ते जखडणं या पाच आठवड्यांत एकदाच झालं, रात्रपाळीच्या बदलाच्या दिवशी. अंगठा हलवला. पायाशी कुणीतरी होतंच, पण मी म्हटलं असू दे. रात्रपाळी सोडवून घ्यायचा अर्ज दिलाय, साहेब बघतो म्हणालेत.

आता एक अडचण. मला मिशी आहे, चांगली दाट. नाकावरचा मास्क मिशीपाशी गळतो, फुस्स फुस्स आवाज येतो आणि हवा डोळ्यांत जाते. पट्टे घट्ट केले तर नाकाच्या हाडावर वळ. मिशी काढायची नाहीये.

कुंभकर्ण_सांगलीकर · २९ ऑगस्ट, सकाळी ७:४०

काढू नका, मीही काढली नाही. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मिळतो, पिलो म्हणतात, तो मागा. मिशीवर बसत नाही. पट्टे उलट थोडे सैल करून बघा, घट्ट आवळले की जास्त गळतं. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीत, डिस्टिल्ड वॉटरच टाका, नळाचं टाकाल तर आत पांढरा थर बसतो. मास्कची गादी रोज साबणाच्या पाण्याने धुवायची, नाकाचं तेल लागलं की ती घसरते.

रिकामटेकडा_२ · २९ ऑगस्ट, सकाळी ८:०२

आणि अडकित्ता?

निशाचर_ठाणे · २९ ऑगस्ट, सकाळी ८:१०

आहे. मिटून.